व्हीएफडी बसवला, पण पाणी कोण मोजतंय?



इथं मी नेहमी छाटणी, फवारणी, विरळणी असलं लिहितो. आज मोटारीबद्दल लिहितोय. विषय वायरमनचा वाटेल, पण शेवटी तो मण्याच्या साइजवरच येतो. म्हणून द्राक्षवाल्यांनी तर वाचाच, आणि सल्ला द्यायला प्लॉटवर येणाऱ्या कृषी पदवीधर पोरांनीही वाचावं.

मी दहावी पास माणूस. इलेक्ट्रॉनिक्स मला शिकवलेलं नाही. पण या हंगामात जे पैसे आणि जी झोप गेली, त्यातून जे समजलं ते सांगतो.

माझा अडीच एकरांचा द्राक्षाचा एक प्लॉट, विहिरीवर १० एचपीची ओपनवेल मोटार. विहिरीजवळ शेडमध्ये फिल्टर आणि पाण्याचं मीटर. लाइटचं मीटर, स्टार्टर आणि ठिबकचा ऑटोमेशन कंट्रोलर मात्र रस्त्याकडेच्या खोलीत, कारण तिथं कुलूप लागतं आणि पाऊस येत नाही. खोली ते विहीर ६० मीटर. मोटारीची केबल आणि पाण्याच्या मीटरची बारीक वायर एकाच चरातून, एकाच पीव्हीसी पाइपातून नेलेली. दोन वर्षं स्टार-डेल्टा स्टार्टरवर हे बिनतक्रार चाललं.

सप्टेंबरच्या शेवटी, गोडी छाटणीच्या आधी, व्हीएफडी बसवला. कारण साधं. माझे प्लॉट लहानमोठे आहेत. लहान प्लॉटचा व्हॉल्व्ह उघडला की प्रेशर वाढायचं, जॉइंट निसटायचे, बायपासनं पाणी परत विहिरीत सोडावं लागायचं. व्हीएफडी मोटारीचा वेग गरजेप्रमाणं कमी-जास्त करतो. पंपाचा वेग ५० हर्ट्झवरून ४० वर आणला तर पाणी वेगाच्या प्रमाणात कमी होतं, पण लागणारी ताकद जवळपास निम्म्यावर येते. विहिरीची उंची मध्ये येते म्हणून पूर्ण निम्मी नाही, पण फरक चांगलाच पडतो. शिवाय मोटार झटका न खाता उठते. ड्राइव्ह वाईट आहे असं मी अजूनही म्हणत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर खाली कॉमेंटमध्ये "जुना स्टार्टरच बरा" म्हणणारे येतीलच.

बसवायला आलेल्या वायरमननं एक हुशारी केली. स्टार-डेल्टाला मोटारीकडं सहा वायरी जातात, म्हणजे तीन कोअरच्या दोन केबली. व्हीएफडीला तीनच लागतात. एक केबल रिकामी झाली. तो म्हणाला, "अण्णा, नवीन वायर कशाला घेता? प्रेशर सेन्सर या रिकाम्या केबलमधूनच आणतो." मला बरं वाटलं. खर्च वाचला. संध्याकाळी सहा वाजता मोटार सुरू झाली, चहा झाला, मंडळी गेली.

दुसऱ्या दिवसापासून ड्राइव्हच्या पडद्यावर प्रेशर नाचायला लागलं. सेट केलेलं २.४ किलो. दिसायचं कधी १.९, कधी ३. त्या आकड्याच्या मागं ड्राइव्ह धावायचा, मोटार घुर्रर्र करून वर चढायची, परत उतरायची. फोन केला. वायरमन आला आणि सेटिंगमध्ये जाऊन आकड्याची सरासरी काढायची वेळ वाढवून दिली. नाचणं थांबलं. म्हणजे नाचणं आतमध्ये चालूच होतं, फक्त मला दिसायचं बंद झालं. हे मला दीड महिन्यानं कळलं.

दुसरी गोष्ट याहून बेरकी निघाली. कंट्रोलरला या प्लॉटसाठी २०,००० लिटर सेट केलेलं. पूर्वी त्याला तास लागायचा. आता ४३-४४ मिनिटांत व्हॉल्व्ह बंद व्हायला लागला. मी खूश. चार लोकांना सांगितलं की व्हीएफडीनं प्रेशर एवढं भारी झालंय की तासाचं पाणी पाऊण तासात बसतंय. आता आठवलं की माझंच मला हसू येतं. प्रेशर २.४ वर बांधून ठेवलेलं, ड्रिपर तेच, मग पाणी जास्त येणार कुठून? पण चांगली बातमी कुणी तपासत नाही.

नोव्हेंबरात मणी सेट झाल्यावर पानांच्या कडा करपायला लागल्या. शेंडा थांबला. सल्लागार आला. पोरगा अभ्यासू आहे, त्याला मी दोष देत नाही. त्यानं मोबाइलवर कंट्रोलरचा रिपोर्ट बघितला: पाणी रोज २०,००० लिटर, खत ठरल्याप्रमाणं. म्हणाला, "काका, पाणी बरोबर आहे, क्षार साचलेत. दोन दिवस नुसतं साधं पाणी जास्त सोडून मुळांखालचे क्षार धुऊन काढा." मी ३०,००० लिटर सेट केलं. आता बघा गंमत. ते धुण्याचं पाणीसुद्धा त्याच मीटरनं मोजलं.

सापडलं ते असं. शेडमध्ये फिल्टर धुवायला गेलो होतो. पाण्याच्या मीटरवर काट्याची तबकडी असते, आकड्यांची चाकं फिरतात, तिला लाइट लागत नाही. सहज सकाळचा आकडा खडूनं भिंतीवर लिहिला. पाणी झाल्यावर परत बघितलं. तबकडी म्हणते १४.२ घनमीटर, म्हणजे १४,२०० लिटर. मोबाइल म्हणतो २०,०००. तीन दिवस लिहीत गेलो. रोज शंभर-दोनशेच्या फरकानं तेच. म्हणजे झाडाला ठरल्यापेक्षा २९ टक्के पाणी कमी. आणि खताचा डोस मोजलेल्या पाण्याच्या प्रमाणात जात असल्यामुळं खत पूर्ण २०,००० लिटरचं, पाणी १४,२०० लिटरचं. द्रावण जवळपास १.४ पट जहाल. कडा करपतील नाहीतर काय होईल?

पहिला संशय मीटरवर गेला. दुकानदारानं नवीन पल्स सेन्सर दिला, पैसे घेतले, फरक शून्य. मग बसवणारे म्हणाले अर्थिंग कमजोर आहे. खड्डा खणला, कोळसा-मीठ घातलं, पाइप ठोकला. फरक शून्य. मग म्हणाले कंट्रोलरसाठी वेगळं, स्वतंत्र अर्थिंग करा. तोही खड्डा खणला. फरक नाहीच, उलट पाऊस झाल्यावर एकदा कंट्रोलर पूर्ण बंद पडला. तीन खड्डे झाले. माणूस म्हणाला असता की खोलीभोवती बाग लावतोय काय.

माझा भाचा सिन्नरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. दिवाळीला आला होता, त्याला पॅनल दाखवलं. दार उघडून आत बघितलं आणि पहिला प्रश्न त्यानं मीटरबद्दल विचारलाच नाही. म्हणाला, "मामा, मोटारीची केबल कुठून नेलीय?"

मग त्यानं एक काम केलं ते तुम्हीही करू शकता. शेडमध्ये जाऊन मीटरच्या दोन्ही वायरी मीटरपासून सोडवल्या आणि टोकं वेगवेगळी टेप लावून ठेवली. मीटर जोडलेलंच नाही. मोटार सुरू केली. दहा मिनिटांत कंट्रोलरनं १३ पल्स मोजले. एक पल्स म्हणजे १०० लिटर. वायरीच्या टोकाला काहीच नाही आणि कंट्रोलर १,३०० लिटर पाणी मोजून मोकळा! मोटार बंद, ड्राइव्हला फक्त लाइट चालू, तेव्हा दहा मिनिटांत शून्य. मी खोलीच्या उंबऱ्यावर बसून घेतलं.

दुसरी खूण रेडिओची. घरात वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर आहे, मीडियम वेव्हचा. त्यावर आकाशवाणीचे बाजारभाव ऐकायचे ते. काटा दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवून मोटार चालू असताना पॅनलजवळ नेला, तर माशा घोंगावाव्यात तसा आवाज. केबलच्या चरावरून चालत गेलो तर आवाज पार विहिरीपर्यंत सोबत आला. चरापासून बाजूला सरकलं की कमी. जमिनीत पुरलेली केबल कुठून गेलीय ते रेडिओनं दाखवलं. मोबाइलमधल्या एफएमवर हे कळत नाही, जुना मीडियम वेव्हचाच हवा.

आता हे होतं कसं, ते मला समजलं तेवढं सांगतो. व्हीएफडी आपल्या ४१५ व्होल्टच्या थ्री फेजचं आधी डीसी करतो, साधारण ५६० ते ५९० व्होल्ट. मग त्या डीसीचे तुकडे पाडून मोटारीला देतो. तुकडे सेकंदाला हजारो वेळा पडतात, माझ्या ड्राइव्हला ८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आठ हजार असं सेटिंग होतं. प्रत्येक तुकडा शून्यावरून पूर्ण व्होल्टेजला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात चढतो. स्टार्टरचा करंट म्हणजे पाटातलं संथ पाणी. हे म्हणजे सेकंदाला आठ हजार वेळा फळी उघडायची आणि आपटायची. प्रत्येक आपटण्याला थोडं पाणी बांधावरून उडणारच. तसा केबलच्या वेष्टनातून थोडा थोडा करंट बाजूच्या वायरीत, पाइपात, मातीत उडी मारतो. वेष्टन फाटलेलं नसतं. चांगल्या नव्या केबलमधूनही तो जातो.

आणि इथंच अर्थिंगच्या खड्ड्याचा घोळ आहे. आपल्या डोक्यात असं बसलंय की नको असलेला करंट जमिनीत सोडला की संपला. भाचा म्हणाला, "मामा, जमीन काय गटार नाही. जिथून निघाला तिथं त्याला परत यायचंय. ड्राइव्हमधून निघाला, ड्राइव्हमध्येच येणार. तुम्ही त्याला नीट पाट दिला नाही तर तो दुसऱ्याच्या वावरातून येईल." माझ्या पाण्याच्या मीटरची वायर हे ते दुसऱ्याचं वावर होतं. खड्ड्यातलं अर्थिंग माणसाच्या जिवासाठी पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही. पण २० मीटर लांब बारीक तारेनं जोडलेला खड्डा या वेगवान करंटला रस्ता वाटतच नाही. तार लांब झाली की त्याच्यासाठी ती दगडी बांध होते. त्याचा खरा पाट म्हणजे मोटारीच्या केबलवरचीच धातूची जाळी आणि केबलमधली अर्थची वायर, जी ड्राइव्हच्या बॉडीपासून मोटारीच्या बॉडीपर्यंत सलग असते. वेगवेगळे खड्डे एकमेकांना न जोडता ठेवणं तर उलट धोक्याचं, कारण वीज पडली किंवा फॉल्ट आला की दोन खड्ड्यांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो मधल्या नाजूक कार्डातून वाट काढतो. माझे तिन्ही खड्डे आता एकमेकांना जाड पट्टीनं जोडलेत.

दुरुस्ती एका दिवसात झाली, पण सामान जमवायला आठवडा गेला. आधी फुकटातलं केलं. स्विचिंग ८ वरून ४ किलोहर्ट्झ केलं. मोटार थोडी किणकिण करायला लागली, पण खोटे पल्स १३ वरून ६ वर आले. मग मीटर आणि प्रेशर सेन्सरसाठी नवीन पिळाच्या जोडवायरी, वरून शील्ड असलेल्या, आणि त्यांच्यासाठी नवीन चर मोटारीच्या चरापासून तीन फूट लांब. दोन्ही वाटा जिथं एकमेकींना छेदतात तिथं काटकोनात नेल्या. ती रिकामी केबल सेन्सरपासून सोडवली. प्रेशरचं नाचणं थांबलं, सरासरीचं सेटिंग परत मूळ जागी आणलं, तरी थांबलेलंच राहिलं.

मोटारीची केबल बदलली, खोलीपासून विहिरीपर्यंत शील्डेड चार कोअर तांब्याची. इथं एक बारकावा आहे आणि सगळे वायरमन तिथंच चुकतात असं माझं मत झालंय. केबलच्या जाळीला पीळ देऊन शेंडी वळायची आणि ती एका स्क्रूखाली दाबायची, ही आपली पद्धत. दिसायला छान दिसतं. पण वेगवान करंटला ती वीतभर शेंडी म्हणजे पुन्हा तोच बांध. जाळी पूर्ण गोल उघडी करून धातूच्या क्लॅम्पनं सगळ्या बाजूंनी पॅनलच्या पत्र्याला आवळायची असते. आणि पत्र्याचा रंग खरवडून. रंगावर आवळलेला क्लॅम्प म्हणजे प्लॅस्टिक घालून घातलेलं बेणं. भाच्यानं ड्राइव्हच्या मागचा, क्लॅम्पखालचा, दाराच्या पट्टीखालचा रंग पॉलिश पेपरनं काढला. मोटारीच्या बाजूलाही जाळी आणि अर्थची वायर जोडली. सेन्सरच्या वायरीचं शील्ड मात्र आम्ही फक्त कंट्रोलरच्या बाजूला जोडलं. तुमच्या कंट्रोलरच्या पुस्तकात वेगळं दिलं असेल तर त्याप्रमाणं करा.

परत मीटर सोडवून दहा मिनिटं मोटार चालवली. शून्य पल्स. अर्धा तास चालवली. शून्य. मीटर जोडलं. तबकडी १९.९, मोबाइल २०.

केबलचा, क्लॅम्पचा, वायरीचा मिळून वरचा खर्च मला साडेसतरा हजार आला. त्याआधी नको तो सेन्सर, दोन खड्डे, आणि नको त्या फवारण्या यांवर याहून जास्त गेले होते. घडांचं जे व्हायचं ते झालं. या प्लॉटमध्ये मण्याची साइज शेजारच्या प्लॉटपेक्षा कमी आहे, व्यापाऱ्याला सांगावं लागत नाही, त्याला दिसतं.

आता माझं म्हणणं. ज्यांना वाईट वाटायचं त्यांना वाटो.

कोटेशनमध्ये ड्राइव्हची किंमत लिहितात, एचपी लिहितात, वॉरंटी लिहितात. मोटारीची केबल कोणती, किती मीटर, जाळी दोन्ही टोकांना कशी बसवणार, सेन्सरच्या वायरी कुठून नेणार, फिल्टर आत आहे की नाही, यातलं एक अक्षर नसतं. केबल शेतकऱ्याची, चर शेतकऱ्याचा, ड्राइव्ह आमचा, असा हिशोब. मग बिघडलं की ड्राइव्हवाला म्हणतो सेन्सर खराब, सेन्सरवाला म्हणतो लाइट खराब, आणि ऑटोमेशनवाला म्हणतो रेंज नाही. तिघांचंही सामान चांगलं असतं. बिघाड त्यांच्या मधल्या ६० मीटरमध्ये असतो आणि तेवढ्याचा मालक कुणी नसतो. माझ्या मते व्हीएफडी विकणं म्हणजे ड्राइव्हपासून मोटारीपर्यंतची केबल आणि तिचं अर्थिंग मिळून विकणं. वेगळे पैसे घ्या, पण लिहून द्या. आणि शेतकऱ्यानंही शेवटचे दहा टक्के पैसे वायरी सोडवून केलेली ती दहा मिनिटांची चाचणी झाल्याशिवाय देऊ नयेत.

यासाठी कायद्याचं पुस्तक नवीन लिहायची गरज नाही. ड्राइव्हनं आजूबाजूला किती गोंगाट करावा आणि दुसऱ्याचा किती सोसावा, याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६१८००-३. त्यात सी १ ते सी ४ असे वर्ग आहेत. सी १ आणि सी २ हे घरांना जी लाइन जाते त्या लाइनवर चालतील असे. सी ३ कारखान्यासाठी. तुमच्या ड्राइव्हच्या पुस्तकात शोधा, बारीक अक्षरात कुठंतरी वर्ग लिहिलेला असतो. माझ्यात सी ३ निघाला, आणि घरगुती लाइनवर वापरला तर इतर उपकरणांना त्रास होऊ शकतो ही सूचनाही त्यात छापलेली. आमच्या वस्तीवरची घरं आणि विहिरीची मोटार एकाच डीपीवर आहेत. कारखान्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो, आपल्याला कुठून असणार? मग शेतीला विकताना कोणता वर्ग द्यायचा, हे विकणाऱ्यानं आधी विचारायला नको का? सी ३ च्या ड्राइव्हला बाहेरून लाइनच्या बाजूला ईएमआय फिल्टर जोडता येतो. तो ड्राइव्हच्या अगदी शेजारी, त्याच पत्र्यावर बसवायचा, भिंतीवर लांब नाही.

फिल्टरवरून एक जिवाची गोष्ट सांगून ठेवतो. फिल्टर त्याच्या कामाचा भाग म्हणून थोडा करंट कायम अर्थला सोडतो. त्यामुळं ईएलसीबी विनाकारण पडायला लागतो. आणि आपल्याकडं उपाय काय? ईएलसीबी काढून डायरेक्ट. हे करू नका. अर्थची तार सुटली की हाच फिल्टर पॅनलच्या पत्र्याला करंट आणतो, आणि ओल्या पायानं आपणच तिथं उभे असतो. ड्राइव्हसाठीच्या जातीचा ईएलसीबी मिळतो. पुस्तकात सांगितलेल्या जातीचा आणि रेटिंगचा बसवून घ्या, महाग असला तरी.

कपॅसिटरचंही तसंच. आपण मोटारीला कपॅसिटर लावतो ती चांगली सवय आहे. पण व्हीएफडी बसवला की ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामधला कपॅसिटर काढायचाच. ड्राइव्हच्या पुढं कपॅसिटर ठेवला तर ड्राइव्ह जळतो किंवा सारखा ट्रिप होतो. आमच्या गावात एकानं तो तसाच ठेवला आणि ड्राइव्हला शिव्या देत बसला.

बोअरवाल्यांना वेगळा त्रास. चारशे फूट बोअर म्हणजे १२० मीटरच्या वर केबल मोटारीपर्यंत. त्या वेगवान तुकड्यांची लाट लांब केबलच्या टोकाला जाऊन आदळते आणि परत फिरते, जशी हौदाच्या भिंतीवर लाट उसळते. मोटारीच्या तोंडाशी व्होल्टेज डीसीच्या दुपटीपर्यंत, म्हणजे ११०० च्या पुढं जाऊ शकतं. जुनी रिवाइंड केलेली मोटार असेल तर वाइंडिंग फार दिवस टिकत नाही. मग लोक म्हणतात व्हीएफडीनं मोटार जाळली. अशा ठिकाणी ड्राइव्हच्या पुढं आउटपुट चोक किंवा साइन फिल्टर घालावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून लोक मागं सरतात. मी म्हणतो, मोटार बाहेर काढायला एकदा गाडी बोलावण्याचा खर्च त्यातून वजा करून बघा. आणि सबमर्सिबल मोटार ३० हर्ट्झच्या खाली रेंगाळू देऊ नका, तिचं बेअरिंग वेगावर तरंगत असतं.

सोलरवाल्यांनी आपण सुटलो असं समजू नये. पीएम कुसुम असो की मागेल त्याला सौर कृषी पंप, एसी मोटारीचा जो कंट्रोलर खांबावर लटकतो तोही आतून ड्राइव्हच आहे, फक्त त्याला डीसी पॅनलमधून मिळतो. तेच तुकडे, तीच लांब केबल. तिथं आपण सर्वसाधारण गटात १० टक्के हिस्सा भरतो, बाकी अनुदान, म्हणून आपण विचारत नाही. वॉरंटीत असेपर्यंत पेटी स्वतः उघडू नका, पण खाली मातीत ज्या वायरी आपण टाकतो, सेन्सरच्या, व्हॉल्व्हच्या, त्या लांबून टाकणं आपल्याच हातात आहे.

आता सल्लागार मित्रांना. तुमचा राग नाही, तुम्हालाही मोबाइलवर जे दिसतं तेच दिसतं. पण जमिनीचा ओलावा, ईसी, पीएच, पाणी, हे सगळे आकडे वायरीतून येतात, आणि त्या वायरी मोटारीच्या शेजारून येतात. पीएच आणि ईसीच्या सेन्सरचा सिग्नल तर पाण्याच्या मीटरच्या पल्सपेक्षा किती तरी बारीक असतो. प्लॉटवर गेलात की दोन गोष्टी बघा. व्हीएफडी आहे का, आणि मोटार चालू असताना व बंद असताना तोच आकडा येतो का? मोटार बंद केल्या केल्या ईसीचा आकडा उडी मारून बदलत असेल, तर तो मातीत नाही, तो वायरीत आहे. आणि मीटरच्या तबकडीचा फोटो शेतकऱ्याकडून आठवड्याला मागवा. मला माझ्या मुलाच्या वयाच्या त्या पोरानं परवा फोन करून सांगितलं की त्यानं आणखी दोन बागांत तबकडी तपासली, एकीत फरक निघाला. त्या बागेत ड्राइव्ह बसून वर्ष झालंय.

काही जण म्हणतील, एवढं सगळं शेतकऱ्यानं शिकायचं का? मीही तेच म्हणत होतो. पण आपण डावणीचा बुरशीनाशक कितव्या दिवशी मारायचा, कशात काय मिसळायचं नाही, हे शिकलोच की. दोन औषधं एका टाकीत चालतात का, हे बाटली उघडायच्या आधी विचारतो. तसंच दोन वायरी एका पाइपात चालतात का, हे विचारायचं.

जुनी केबल चरातून काढून ठेवलीय. तीन कोअर, ६० मीटरचे दोन तुकडे, कुठंही जोड नाही. साध्या स्टार्टरवर कुणाला लागत असेल तर घेऊन जा. व्हीएफडीवर वापरणार असाल तर देणार नाही.